चला चला!

आमच्या बाबांना रोज अर्धा तास चाला असं डॉक्टरांनी सांगितलंय, आणि बाबा सोफ्यावर बसून आम्हाला दिवसभर चला चला करत असतात. म्हणजे बघा, एका कान्याचा फरक. चाला म्हटलं की पाय तुमचे, घामही तुमचाच. पण चला म्हटलं की बोलणाराही सोबत येतोय असं वाटतं, निदान वाटतं तरी. 'जा झोपा' म्हणणं म्हणजे हाकलणं, 'चला झोपा' म्हणजे जरा प्रेमाने. ते म्हणणारी आई मात्र त्यानंतर तासभर ओटा पुसून, दुधाला विरजण लावून, गॅसचा नॉब दोनदा बघून मग झोपते ते वेगळं.

एसटीच्या कंडक्टरचं 'पुढे चला'सुद्धा तसंच, स्वतः दाराशी आणि आपण एकमेकांच्या बगलेत. पहिली एसटी १ जून १९४८ ला पुणे-नगर धावली, त्या दिवशीही कुणीतरी 'चला चला पुढे सरका' म्हणालंच असणार, पैज लावते हवं तर.

बरं प्रत्येक वेळी कुठे जायचं असतंच असं नाही. पाहुणे गेले की 'चलाऽऽ', रिझल्ट लागला की 'चला, सुटलो एकदाचे', आणि मैत्रिणीने काही फेकलं की 'चल, काहीतरीच!' कोल्हापूरचे मामा त्याला शेपूट लावतात, 'चला की!', आणि त्या 'की'पुढे नाही म्हणायची आपली टाप नसते, दुसऱ्यांदा जेवलोय आम्ही त्या 'की'मुळे.

पण सगळ्यात फसवं 'चला' निघतानाचं. काकू गेल्या रविवारी साडेसहाला 'चला, निघते' म्हणाल्या, उठल्या, पर्स काखेला लावली, मग दारात गुडघ्यांचा विषय निघाला, एक चप्पल पायात एक बाहेर अशा अवस्थेत भाच्याचं लग्न झालं, जिन्यात सुनेचं. तेवढ्यात मला कुकर लावायचा होता म्हणून मीच म्हटलं, चला काकू, खालपर्यंत येते सोडायला. तर त्या म्हणाल्या, अगं चहा टाकतेस का थोडा, मग जातेच.

टाकला.