जलपर्णी विकत घेणारा मुलूख : नाझिरपूरची तरंगती शेती

जलपर्णी म्हटलं की आम्हा पिंपरी-चिंचवडकरांना आठवते ती पवना, संध्याकाळचे डास आणि पुलावरून फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकणारे काका. नदी झाकून टाकणारं हे तण काढायला दर उन्हाळ्यात मशीन येतं, काठावर ढीग लागतात, ते तिथेच कुजतात आणि पुढच्या वर्षी परत तोच खेळ. त्यामुळे बांगलादेशात पिरोजपूर जिल्ह्याच्या नाझिरपूर तालुक्यात लोक हीच जलपर्णी पैसे मोजून घेतात असं ऐकल्यावर मी बरिशालच्या ट्रिपमध्ये नाझिरपूर घुसवलंच.

ढाक्याच्या सदरघाटावरून रात्रीच्या लाँचने गेले. २०२२ मध्ये पद्मा पूल झाला तेव्हापासून बहुतेक लोक बसनेच जातात, वेळ खूप वाचतो, पण मला डेकवर बसून चहा पित जायचं होतं. बरिशालनंतर सीएनजी रिक्षा आणि शेवटी ट्रॉलर, म्हणजे इंजिन लावलेली साधी होडी.

हा सगळा भाग बिलांचा. बील म्हणजे खोलगट जमीन, पावसाळा लागला की पाण्याखाली जाते ती वर्षातले सहा-सात महिने. घर आहे, शेत आहे, पण शेतावर माणूसभर पाणी, मग बी पेरणार कुठे? तर पाण्यावरच. लांबून मला वाटलं बांध आहेत, जवळ गेल्यावर कळलं की अख्खे वाफे तरंगतायत, एकाला लागून एक, पन्नास-साठ मीटर लांब आणि जेमतेम मीटर-सव्वा मीटर रुंद, मधून होडी जाईल एवढीच फट. याला तिकडे 'धाप' म्हणतात.

मुगारझोर गावाजवळ एक धाप बांधायचं काम चालू होतं तिथे आमच्या ट्रॉलरवाल्या भाईंनी इंजिन बंद केलं. पाण्यावर लांब बांबू आडवे टाकलेले, त्यावर एक माणूस गुडघाभर जलपर्णीत उभा, आजूबाजूची जलपर्णी आकड्याने ओढायची, पायाखाली रचायची, तुडवायची, परत ओढायची. जसा थर चढतो तसा तो पुढे सरकतो आणि मागे वाफा तयार. थर नीट बसला की बांबू काढून घेतात. वरून कुजलेली जलपर्णी आणि दुलालीलता नावाची पाण्यातली वेल पसरतात, काही दिवस कुजू देतात आणि मग लावणी. माती औषधालाही नाही! खालचं हिरवं तरंगत ठेवतं, वरचं कुजलेलं खत होतं.

पण खरी कारागिरी मला बघायला मिळाली ती घरांच्या ओसरीत. बायका ओळीने बसलेल्या, समोर कुजलेल्या वेलीचा काळा ओला ढीग. त्यातला चिमूटभर लगदा घेऊन तळहातावर वळायचा, छोट्या लाडवाएवढा, अंगठ्याने खड्डा, त्यात मोड आलेलं बी, आणि वरून नारळाच्या काथ्याचे दोन वेढे. झाला 'टेमा'. हे टेमे सावलीत ठेवतात, दोन पानं फुटली की होडीतून धापेवर नेऊन मांडतात. दुधी, भोपळा, वाल, वांगी, पपई, मिरची. मी एका दीदीला विचारलं दिवसाला किती होतात, तर ती मान वर न करता म्हणाली, "मोजत नाही, हजारावर पैसे मिळतात, हजार झाले की कळतं." मजुरी किती ते सांगितल्यावर मी पुढचा प्रश्न गिळला. फेसबुकवरच्या सुंदर ड्रोन व्हिडिओंमध्ये ही ओसरी कधीच दिसत नाही.

रोपं तयार झाली की होड्या भरून बाजारात जातात. बैठाकाटाच्या बाजारात होडीवरच घासाघीस चालते, टेम्यासकट रोप उचलायचं आणि नेऊन जमिनीत ठेवायचं, मूळ दुखावायचा प्रश्नच नाही. पाणी ओसरलं की धाप जमिनीला टेकते, मग ती फोडून शेतात पसरायची आणि त्यावर हिवाळ्यातली भाजी. २०१५ मध्ये एफएओने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेने, या पद्धतीला जागतिक महत्त्वाच्या कृषी वारशात घेतलंय.

गंमत म्हणजे याच मुलखाने कधीकाळी जलपर्णीशी युद्ध पुकारलं होतं. ही मूळची ॲमेझॉन खोऱ्यातली, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये आली ती फुलं छान दिसतात म्हणून, आणि नंतर नद्या-खाड्या अशा तुंबल्या की होड्या चालेनात, भात बुडायला लागलं. १९३६ मध्ये खास जलपर्णीविरोधी कायदा झाला, १९३७ च्या निवडणुकीत मोठ्या पक्षांनी ती उपटून काढायची आश्वासनं दिली, आणि निवडून येऊन बंगालच्या सरकारचे प्रमुख झालेल्या फजलुल हक यांनी (ते बरिशालकडचेच) मोठी मोहीमही काढली. आज त्याच भागात शेतकरी तक्रार करत होता की जलपर्णी महागलीय! पाण्यात खार वाढला की ती मरते, आणि समुद्राकडून खार वर सरकतोय, त्यामुळे लांबून आणावी लागते.

आता प्रत्येकाचा प्रश्न, मग आपण पवनेत का नाही करत? मीही परतताना हाच विचार करत होते, पण नाही जमणार, निदान भाजीसाठी तरी नाही. जलपर्णी पाण्यातले जड धातू शोषून घेते, आपल्या नदीत सांडपाणी आणि कारखान्यांचं काय काय येतं, त्यावरचा दुधी मी तरी खाणार नाही. खत करायचं तरी आधी तपासणी हवी. शिवाय ताज्या जलपर्णीत साधारण पंच्याण्णव टक्के पाणी, म्हणजे ट्रक भरून नेता ते बहुतेक पाणीच. नाझिरपूरला ते परवडतं कारण ट्रकमध्ये भरायचंच नाही, लांबून आणली तरी पाण्यावरूनच आणायची आणि पाण्यावरच वापरायची. किडे सोडायचा उपायही आहे, बंगळुरूच्या तळ्यांमध्ये ऐंशीच्या दशकात जलपर्णी खाणारे निओकेटिना भुंगेरे सोडले होते, पण त्याला वर्षं लागतात, आणि आपण दर उन्हाळ्यात मशीनने झाडाबरोबर भुंगेरेही काढून टाकणार. बी गाळात वीसेक वर्षं जिवंत राहतं ते वेगळंच. सांडपाणी येत राहिलं तर तिला आयतं जेवण चालूच.

कोणाला जायचं असेल तर जुलै ते सप्टेंबर जा, त्याच दिवसांत झालकाठीला भीमरुलीचा पेरूचा तरंगता बाजारही भरतो, दोन्ही एका फेरीत होतं. बाजाराचे वार बरिशालच्या हॉटेलात आधी विचारून घ्या. पहाटे निघा. आणि धापेवर उतरायचा मोह टाळा, रोपं तुडवली जातात, लावणी झाल्यावर तिथले लोकही कामं होडीतूनच करतात.