येरवड्याला सोडू का?
काल लक्ष्मी रोडला एक काका राँग साइडने स्कूटर घालत होते, तर रिक्षावाला ओरडला, "ओ काका, वेड लागलंय का, येरवड्याला सोडू?" सगळे हसले, मीपण. पुण्यात येरवडा म्हटलं की जेल नाहीतर मेंटल हॉस्पिटल, तिसरं काही सुचतच नाही.

पण डॉक्टरच्या फाइलवर 'वेडा' असं निदान नसतंच, तिथे स्किझोफ्रेनिया, बायपोलर असं आजाराचं नाव असतं. आणि आरोपीला त्या कारणाने सोडायला कोर्टाला तेवढंही पुरत नाही बरं का, भारतीय न्याय संहितेचं कलम २२ (आधीचं आयपीसी ८४) बघतं की गुन्हा करताना, नेमक्या त्या वेळी, आपण काय करतोय किंवा ते चुकीचं वा बेकायदा आहे हे कळण्याची कुवतच मनोविकारामुळे नव्हती का. म्हणजे नुसती गोळ्यांची चिठ्ठी दाखवून सुटका नाही.

काका मात्र चौकात पोलीस दिसताच उतरले आणि स्कूटर बंद पडल्यासारखी ढकलत निघाले. सगळं कळत होतं त्यांना!