हवा मोजायची राहून गेली

एमएस्सीच्या शेवटच्या सेमिस्टरला प्रोजेक्ट मिळाला: बेंझाईल अल्कोहोलचं बेंझाल्डिहाईड करायचं आणि तिथंच थांबायचं. पुढे जाऊन बेंझॉइक ॲसिड झालं की काम फुकट. पीसीसी या क्रोमियमच्या संयुगानं हे जमतं, पण त्याचा तो काळा चिकट गाळ फ्लास्कला असा धरतो की धुणाऱ्याला रडू यावं. म्हणून शॅनन स्टाल यांच्या विस्कॉन्सिनमधल्या गटाची २०११ ची कॉपर-टेम्पो पद्धत घेतली (टेम्पो हे तांब्याच्या जोडीनं उत्प्रेरकाचं काम करणारं सेंद्रिय संयुग). तिच्यात ऑक्सिडंट, म्हणजे ऑक्सिडेशन घडवणारा पदार्थ, साधी हवा.

वजनं करताना गंमत वाटली. एक मिलिमोल अल्कोहोलला पाच टक्क्यांच्या हिशेबानं टेम्पो ७.८ मिलिग्रॅम आणि बायपिरिडीनही ७.८ च! एक केशरी, दुसरं पांढरं, म्हणून अदलाबदल टळली. कॉपर ब्रोमाईड, थोडं मिथाइलइमिडाझोल, ॲसिटोनायट्राईल, स्टरर सुरू. द्रावण तांबूस-तपकिरी झालं. अल्कोहोल संपलं की ते हिरवट होतं, असं वाचलं होतं.

सकाळी पाहतो तर तपकिरीच. टीएलसीवर, म्हणजे मिश्रणात काय काय आहे ते ठिपक्यांनी दाखवणाऱ्या पट्टीवर, अल्कोहोलचा स्पॉट ठळक. कॉपर खराब असेल, टेम्पो जुना असेल, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. दोन दिवस गेले. सरांनी फ्लास्क पाहून एवढंच विचारलं, "हे बूच कशाला लावलंयस?"

हवेपासून जपून करायची ग्रिन्यार रिॲक्शन करून करून हाताला लागलेली सवय, दुसरं काय! मग हिशेब मांडला. एक मिलिमोल अल्कोहोलला अर्धा मिलिमोल ऑक्सिजन, म्हणजे सुमारे १२ मिलिलीटर. माझ्या २५ च्या फ्लास्कमध्ये हवाच २० मिलिलीटर, त्यात ऑक्सिजन जेमतेम चार. एक तृतीयांश काम होऊन गाडी अडणारच होती. तो तपकिरी रंग हेच सांगत होता: तांबं +१ या ऑक्सिडेशन अवस्थेवर येऊन बसलंय, त्याला परत +२ ला न्यायला ऑक्सिजन नाही.

नवी रिॲक्शन बुचाशिवाय लावली, स्टरर जोरात ठेवला. दुपारच्या चहाहून येईपर्यंत द्रावण हिरवं! शुद्ध करायच्या कॉलममधून बेंझाल्डिहाईडचा कडू बदामाचा वास आला तेव्हा शेजारच्या टेबलावरचेही वळून बघायला लागले.

पुढच्या वेळी बेंझाईल अल्कोहोलसोबत १-फेनिलइथेनॉल घातलं. ते दुय्यम अल्कोहोल, म्हणजे त्याच्या ओएच गटाच्या कार्बनला आणखी दोन कार्बन जोडलेले. टेम्पोच्या चार मिथाइल गटांना तिथं दाटी होते. ते जवळपास जसंच्या तसं परत मिळालं.

शुद्ध बेंझाल्डिहाईडची बाटली मात्र मी टेबलावर अर्धवट झाकलेली विसरलो. रिॲक्शनमध्ये टेम्पो पुढचं ऑक्सिडेशन रोखतो, बाटलीत तो नव्हता. काही दिवसांनी झाकणाच्या आट्यांत पांढरे स्फटिक जमले होते. बेंझॉइक ॲसिड.