पोट्टेहो, झडती लिहून आणा!

शाळेने काय दिलं असं विचारलं की शिस्त, संस्कार, वक्तशीरपणा ही उत्तरं ठरलेली. ती शाळेच्या महोत्सवाच्या या अंकात इतरांनी लिहिली असतीलच. मला शाळेने वात्रटपणा दिला, तोही रीतसर, मराठीच्या तासाला.

झडती म्हणजे चिमटे काढणारी, यमक जुळवलेली चार ओळींची कविता; आपल्या विदर्भातल्या पोळ्याचा खरा जीव. श्रावण अमावस्येला तोरणाखाली जोड्या लागतात. झुली, बाशिंगं, घुंगरमाळा, पुढे पाटलाची मानाची जोडी. आणि तोरण तुटायच्या आधी गर्दीतून कुणीतरी खड्या आवाजात पाटलाचंच माप काढतो. एरवी ज्याच्या ओसरीवर अंग चोरून उभं राहायचं, त्याच्या तोंडावर! शेवटी 'हर बोला हर हर महादेव' म्हटलं की सारं माफ. देवालाही सूट नाही. जुन्या झडतीत महादेव दोन पैशांसाठी रडतो आणि पार्वतीचं लुगडं गाठी मारून नेसलेलं असतं.

आठवीत मराठीच्या सरांनी सांगितलं, "पोळ्यावर निबंध नको. झडती लिहून आणा." आम्ही पाठ असलेल्याच थोड्या फिरवून आणल्या. मागच्या बाकावरच्या एका पोट्ट्याने मात्र स्वतःची आणली. सगळ्या मास्तरांच्या नकला करणारा, सहामाहीला हमखास गचकणारा. तान्ह्या पोळ्याला आम्ही लाकडी नंदी घेऊन पटांगणात उभे, समोर खुर्चीवर सरपंच, आणि हा सुरू झाला:

पाऊस आला धो धो, कवेलू झाले चायनी,
पोट्टे बसले कोपऱ्यात, फयावरून पानी,
अर्ज गेला तालुक्याले, त्याले लागली उधई,
सायेब म्हने थांबा थोडं, येऊ द्या दिवाई!

म्हणजे कौलांची चाळणी झाली, फळ्यावरून पाणी वाहिलं आणि अर्जाला वाळवी लागली. हेडमास्तरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. सरपंच आधी त्यांच्याकडे बघत राहिले, मग असे हसले की टोपी सांभाळावी लागली. वर बोजारा, म्हणजे पोळ्याची खुशाली, म्हणून पोट्ट्याच्या हातावर नाणं ठेवलं. छत त्या पावसाळ्यात गळतच राहिलं, हेही सांगून टाकतो. पण पुढे पंचायत समितीचे साहेब गावात आले तेव्हा सरपंचांनी त्यांना ह्याच ओळी म्हणून दाखवल्या. त्या अर्जात काय लिहिलं होतं हे मात्र कुणालाच आठवत नव्हतं.

सरांचा एक दंडक होता. एकदा कुणीतरी बोबडं बोलणाऱ्या पोरावर झडती रचली. वर्ग खिदळला. सरांनी कागद मागून घेतला, घडी घालून खिशात ठेवला. "झडती वरच्याले म्हना लागते. खालच्याले म्हटली का ते शिवी होते बाप्पा." आज मोबाइलवर फिरणारे विनोद वाचताना हा दंडक मला बऱ्याचदा आठवतो.

पुढे शिकायला नागपूरला गेलो आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मारबत, म्हणजे मिरवत नेऊन जाळायच्या पुतळ्यांची मिरवणूक, पाहिली. काळी 1881 पासूनची, पिवळी 1885 पासूनची, आणि मागून बडगे नावाचे पुतळे: महागाईचे, भ्रष्टाचाराचे, त्या वर्षी ज्याने लोकांना छळलं त्याचे. आपल्या गावात आम्ही 'घेऊन जा गे मारबत'च्या आरोळीत गणिताचा पेपर घुसडायचो, तिथे लोक अख्खं सरकार घुसडत होते. कळ लावणारा नारद, मडकी फोडणारा कान्हा, खडीगंमत या लोकनाट्यातला सोंगाड्या ही सगळी एकाच खोडीची माणसं. शेंडगावचे गाडगेबाबाही मला त्यांच्यातलेच वाटतात. कीर्तनात साधेभोळे प्रश्न विचारत माणसाला हसवायचे आणि तो हसत असतानाच त्याची दारू, त्याचं कर्ज, त्याने नवसाला कापलेलं बकरं त्याच्यापुढे आणून ठेवायचे. नुसत्या उपदेशाला एवढी गर्दी झाली नसती.

हल्ली पोळ्यात डीजे असतो. त्याच्यापुढे झडतीचा आवाज कुठे लागणार! म्हणून महोत्सव समितीला एक विनंती. कार्यक्रमपत्रिकेत भाषणं पुष्कळ दिसतात, त्यातली दोन कमी करून आठवीच्या पोरापोरींना झडत्या म्हणू द्या. विषय त्यांना सुचवू नका, ते त्यांना बरोबर सापडतात. आणि प्रमुख पाहुण्यांनी बोजाऱ्यासाठी सुटे पैसे सोबत आणावेत.