कॅटलिना बांधणी: हलचा तळ, स्टेप आणि पाण्यावरची पहिली टॅक्सी

मागच्या नोंदीत माझ्या रेडिओवर चालणाऱ्या कॅटलिना मॉडेलची विंग आणि शेपूट तयार झाली होती. आता हल, म्हणजे बोटीसारखं धड, पूर्ण झालंय, मोटारी बसल्यात आणि विमान तलावात फिरूनही आलंय. उडवलं नाही अजून. पण सीप्लेन उडणार की नाही हे पाण्यातच ठरतं, आणि पाण्यात ते तळावर ठरतं. म्हणून ही नोंद जवळजवळ सगळी तळाबद्दलच आहे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: किट ६ मिमी डेप्रॉनचं, म्हणजे फोमच्या शीटचं, लेझरवर कापलेलं, पीबीवाय कॅटलिना या अमेरिकन सीप्लेनवर बेतलेलं. मूळ विमानाची विंग ३१.७ मीटरची, माझी १.३८ मीटरची, म्हणजे साधारण १/२३. बॅटरीसकट वजन १,१५० ग्रॅमच्या आत ठेवायचं ठरवलं होतं आणि ते जमलं. मूळ कॅटलिना १९३५ साली पहिल्यांदा उडाली. दुसऱ्या महायुद्धात मद्रासजवळच्या रेड हिल्स तलावावर आणि कराचीच्या कोरंगी खाडीत रॉयल एअर फोर्सच्या कॅटलिना उतरायच्या, म्हणजे आपल्या बाजूच्या पाण्याला हे विमान परकं नाही. मॉडेलसाठीही आकार सोयीचा आहे. विंग उंच खांबावर, दोन्ही मोटारी विंगवर, त्यामुळे प्रॉप (पंखा) पाण्यापासून बराच वर राहतो.

चिकटवण्याबद्दल एवढंच सांगतो की डेप्रॉनला साधं फेव्हिक्विक लावू नका, फोम विरघळतो. टोल्यूनवाले रबरी गोंदही तेच करतात. फोम-सेफ सीए (फोम न विरघळवणारं फेव्हिक्विक), यूएचयू पोर हा फोमचा गोंद आणि जिथे जोर येणार तिथे इपॉक्सी, एवढ्यात सगळं काम होतं. डेप्रॉन बंद पेशींचा असल्यामुळे स्वतः पाणी पीत नाही. पाणी शिरतं ते सांध्यांतून. हलच्या आतून प्रत्येक सांध्यावर इपॉक्सीची बारीक रेघ ओढून ओल्या बोटाने गुळगुळीत केली, हातमोजा घालून. बाहेरून तळाला २५ जीएसएमचं ग्लास कापड, तेही इपॉक्सीने. यात वजन जरा वाढतं, पण किनाऱ्यावरच्या खड्यांवरून विमान ओढलं गेलं की उघडा फोम एका सकाळीत सोलला जातो.

आता स्टेप. तळाच्या मध्यावर जी पायरी दिसते ती कशासाठी, हे आमच्या उडवणाऱ्यांतही पुष्कळांना नीट माहीत नसतं. विमान उभं असताना बोटीसारखं तरंगतं. वेग घेतला की पुढच्या तळाखालचं पाणी त्याला वर ढकलतं आणि हल पाण्याबाहेर येऊ लागतं. तळ नाकापासून शेपटीपर्यंत सलग असेल तर मागच्या वळणावर पाणी चिकटूनच वाहतं, तिथला दाब कमी होतो आणि शेपूट खाली खेचली जाते. मोटारींना कितीही जोर असू दे, विमान पाणी सोडत नाही. पायरीपाशी पाण्याची धार तुटते, मागे हवा शिरते, आणि विमान त्या एका कडेवर घसरत नाक वर करायला मोकळं होतं.

किटमध्ये ही पायरी पुढच्या अर्ध्या तळाला डेप्रॉनचा दुसरा थर देऊन केलेली आहे, म्हणजे ६ मिमी उंचीची. उंची पुरेशी आहे. जागाही बरोबर आहे, सीजीच्या, म्हणजे विमानाच्या तोलबिंदूच्या, साधारण २० मिमी मागे. सीजीच्या पुढे गेली तर विमान स्टेपवर टिकत नाही, फार मागे गेली तर उचलताना शेपूट दाबायला एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची आडवी फळी) पुरत नाही. मागच्या तळाचा वर जाणारा कोन मोजला, सात अंशांच्या आसपास आहे. हे सगळं ठीक. प्रश्न आहे तो कडेचा. डेप्रॉनची कड कितीही जपून कापली तरी मऊ आणि गोलसर राहते, त्यावर ग्लास आणि इपॉक्सी चढलं की आणखी गोल होते. मोठ्या विमानाला त्याने फारसा फरक पडणार नाही, पण पाण्याचा पृष्ठताण काही १/२३ होत नाही. आपल्या मापाला पाणी गोल कडेला लगडून वळसा घालतं आणि पायरी असून नसल्यासारखी होते.

त्यावर उपाय म्हणून मुदत संपलेलं एटीएम कार्ड घेतलं. जाडी ०.७६ मिमी, ताठ, पाण्याने काही होत नाही, कडेला धार चांगली राहते. चिप आणि चुंबकी पट्टीचा भाग सोडून ८ मिमी रुंदीच्या पट्ट्या कापल्या. इपॉक्सी धरावं म्हणून दोन्ही बाजू १८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडल्या. तळाच्या व्ही आकाराप्रमाणे मध्यभागी तिरका जोड दिला आणि पायरीच्या उभ्या तोंडावर पट्टी अशी चिकटवली की खालची कड तळाच्या जेमतेम १ मिमी खाली उतरेल. सुकल्यावर सपाट ठोकळ्यावर पेपर लावून ती कड एका रेषेत आणली. नख फिरवलं की धार लागली पाहिजे. कड गोल वाटली तर पुन्हा पेपर. या एवढ्याशा पट्टीवर मी अख्ख्या उजव्या विंगइतका वेळ घातला आणि तो वसूल झाला.

त्याच कार्डाच्या ५ मिमी पट्ट्या नाकापासून स्टेपपर्यंत दोन्ही काठांना लावल्या, किंचित खाली वळवून. उडणारं पाणी त्या बाजूला फेकतात, ते प्रॉपपर्यंत चढत नाही. स्टेपच्या मागे या पट्ट्या नेऊ नका, तिथे त्या पाणी धरून ठेवतात.

विजेचं काम. दोन २२१२ मापाच्या, १००० केव्ही (व्होल्टमागे मिनिटाला १००० फेरे) मोटारी, तीन सेलची २२०० एमएएच लिपो बॅटरी, ८ इंची प्रॉप, एक सुलटा आणि एक उलटा. फिरण्याची दिशा बदलायला मोटरच्या तीनपैकी कुठल्याही दोन वायरींची अदलाबदल पुरते. ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारी सर्किटं, हलमध्ये ठेवले नाहीत, बंद पेटीत ते तापतात. मोटारींच्या मागे नॅसेलमध्ये (मोटरच्या आवरणात) बसवले, समोरून हवा मिळते. पण मग बॅटरी नाकात आणि ईएससी विंगवर, म्हणजे बॅटरीची वायर लांबते, आणि लांब वायरीचा मार ईएससीच्या कपॅसिटरवर बसतो. म्हणून प्रत्येक ईएससीच्या तोंडाशी ४७० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्टचा लो-ईएसआर कपॅसिटर जोडला. दोन ईएससी म्हणजे दोन बीईसी (रिसीव्हरला वीज देणारे भाग), त्यातल्या एकाची लाल वायर कनेक्टरमधून काढून टेप लावून ठेवली.

या विमानाला पाण्यातलं वेगळं सुकाणू नाही, त्यामुळे दोन मोटारींचा वेग कमी-जास्त करून वळवायचं. माझ्या सहा चॅनेलच्या रेडिओत तीन मिक्स (एका चॅनेलवरून दुसरं चालवायची सोय) मिळतात आणि तिन्ही यात खर्ची पडले: थ्रॉटलवरून दुसऱ्या मोटरच्या चॅनेलला पूर्ण, रडरवरून (शेपटीच्या उभ्या सुकाणूवरून) एका मोटरला अधिक, दुसरीला उणे. रडरचे दोन्ही मिक्स एकाच स्विचवर ठेवलेत. हवेत ते बंदच हवेत असं माझं मत आहे, कारण कमी वेगात लँडिंगला येताना एका बाजूचा जोर अचानक वाढलेला परवडत नाही.

रिसीव्हरच्या बोर्डवर कन्फॉर्मल कोटिंग, म्हणजे ओल न लागू देणारा थर, मारलं, कनेक्टरच्या पिना टेपने झाकून. सर्व्होच्या शाफ्टखाली ग्रीस. पुशरॉड बाहेर येतात त्या जागा पाणीरेषेच्या बऱ्याच वर घेतल्या. झाकणाला चुंबक आणि कडेने दारा-खिडक्यांना लावतात ती मऊ फोमची पट्टी.

मग हौद. शेतातल्या हौदात विमान दहा मिनिटं सोडलं, विंगच्या टोकांवर थोडा दाब देऊन डोलवलं, बाहेर काढून नीट पुसलं आणि वजन केलं. आधी १,१३८ ग्रॅम, नंतर १,१४१. ते तीन ग्रॅम मागच्या ड्रेनच्या बुचातून आले होते. बुचाला सिलिकॉनची कडी बसवल्यावर आकडा हलला नाही. विमान पाण्यात सरळ बसतं, नाक किंचित वर. विंगच्या टोकाखालचा एक टिप फ्लोट (छोटा तरंगता) पाण्याला टेकला की दुसरा साधारण १० मिमी वर राहतो, तेवढंच हवं.

टॅक्सीसाठी, म्हणजे न उडवता पाण्यावर चालवून पाहायला, कवठेमहांकाळकडच्या एका पाझर तलावावर गेलो. डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी नकाशात तो भाग ग्रीन झोनमध्ये येतो, तरी ग्रामपंचायतीत आधी सांगून ठेवलं होतं. खाडी किंवा समुद्र मी मुद्दाम टाळतो, खारं पाणी मोटरच्या बेअरिंगला आणि सोल्डरला सोडत नाही. तलावाच्या उथळ टोकाला हिवाळी बदकं होती, चक्रवाकही दिसले. ती बाजू सोडून आम्ही भरावाकडून काम केलं. तिथे थर्माकोलच्या तराफ्यावरून जाळी लावणारे एक मामा भेटले.

"मामा, विमान मध्ये अडकलं तर आणून द्याल का?"

"देतो की. पण आत्ता सोडा. नऊ वाजले की वारं पडतंय अंगावर, मग लाट उठती."

ते म्हणाले तसंच झालं, आमचं सगळं काम त्याआधीच्या शांत पाण्यावर उरकलं.

हळू टॅक्सी करताना एलिव्हेटर पूर्ण वर ओढून ठेवायचा, नाक वर राहतं आणि प्रॉप कोरडे राहतात. दोन मोटारींनी वळवणं इतकं छान चालतं की विमान जागच्या जागी फिरतं. रडर सोडला की ते आपोआप वाऱ्याकडे तोंड करतं, परत येताना हे लक्षात ठेवावं लागतं. मग थ्रॉटल वाढवला. आधी नाक वर उचललं जातं, विमान पाणी नांगरत जातं. दोन तृतीयांश थ्रॉटलला पाण्याच्या अडथळ्याची ती टेकडी पार झाली, मी एलिव्हेटर मध्यावर आणला आणि विमान सपाट होऊन स्टेपवर धावू लागलं. भरावावर बसून बाजूने पाहिलं तर पट्टीपासून पाणी सरळ तुटताना दिसतं आणि मागच्या तळाखाली उजेड दिसतो. सोबतच्या मित्राने हेच किट पट्टीशिवाय बांधलंय. त्याचं विमान पूर्ण थ्रॉटलला स्टेपवर येतं, पण फार उशिरा, आणि मागचा तळ तोवर ओलाच. त्याने तिथेच पाकीट उघडून जुनं कार्ड शोधायला घेतलं.

वेग वाढल्यावर नाकाची थोडी वर-खाली डोलण, म्हणजे पॉरपॉइझिंग, सुरू झाली. एलिव्हेटरने तिच्यामागे धावलं तर ती वाढते. थ्रॉटल कमी केला की थांबते. बॅटरी ८ मिमी पुढे सरकवल्यावर सीजी विंगच्या लिडिंग एजपासून (पुढच्या कडेपासून) ५२ मिमीवर आला आणि डोलण गेली.

एक गोष्ट राहिली आहे. डावीकडे जोरात वळताना उजवा टिप फ्लोट नाक खुपसतो. फ्लोट हलच्या तळाला समांतर बसलेत, ते नाकाकडून तीन-चार अंश वर हवेत, म्हणजे टेकले तरी घसरत राहतील. खांबाच्या बुडाशी पाचर घालून दोन्ही पुन्हा बसवतोय. मोटारींना दोन अंश अपथ्रस्ट (तोंड किंचित वर) दिलेलाच आहे, कारण जोराची रेषा सीजीच्या वर असल्याने थ्रॉटल दिला की नाक खाली जाऊ पाहतं. मेडनला, म्हणजे पहिल्या उड्डाणाला, पहिल्या फेरीत थ्रॉटल खाली-वर करून तेवढं तपासणार. एलिव्हेटरचा थ्रो (हालचाल) वर-खाली १२ मिमी, एक्स्पो (मध्याजवळ स्टिक मवाळ करणं) ३० टक्के. रंग मेडन झाल्यावर.