बीपी मोजण्याआधीची पाच मिनिटं

घरी बीपीचं मशीन आणणं, पट्टा बांधणं, बटण दाबणं, वहीत आकडा लिहिणं, यातलं काहीच अवघड नाही. घोडं अडतं ते त्याआधी पाच मिनिटं गप्प बसण्यापाशी. ही सवय लावताना मला सगळ्यात जास्त झगडावं लागलं ते इथेच. आणि ज्या ओपीडीत मला ‘बीपी वाढलंय’ असं सांगितलं गेलं, तिथे तर ही पाच मिनिटं कुणाच्या हिशेबातच नव्हती. जिना चढून आलेल्या माणसाला स्टुलावर बसवायचं, शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळायचा आणि मशीन फुगत असताना विचारायचं, “गोळ्या कुठल्या चालू आहेत?” अशा एका आकड्यावर चिठ्ठीत गोळी वाढते आणि माणूस ती पुढे वर्षानुवर्षं घेत राहतो. याचा मला अजून संताप येतो. तुमच्यावर ही वेळ आली तर सरळ सांगा, “सिस्टर, पाच मिनिटं बसते, मग मोजा.” कुणी नाही म्हणत नाही.

घाईत मोजलेला आकडा का फसवतो, ते नीट समजून घ्यावं. चालून आल्यावर, जिना चढल्यावर हृदय जोरात काम करत असतं, ते शांत व्हायला काही मिनिटं लागतात. मोजताना बोललं की वरचा आकडा सहज 10ने चढतो. लघवी तुंबलेली असली तरी चढतो. पायावर पाय टाकला, पाठीला टेकू नसला, तरी थोडा थोडा चढतो. हात हृदयाच्या पातळीपासून 10 सेंटिमीटर खाली लोंबत असेल तर तेवढ्या रक्ताच्या वजनानेच 7-8 अंक जास्त दिसतात. हे सगळं एकत्र आलं की 130चे 150 दिसायला वेळ लागत नाही.

आता ती पाच मिनिटं. सकाळी घरात पाच मिनिटं रिकामं बसणं हे आपल्याकडे जवळजवळ आळसात जमा होतं. म्हणून माणूस गॅसवर दूध ठेवून बसतो. दूध वर आलं की उठतो, गॅस बंद करतो, परत येऊन बसतो आणि बटण दाबतो. ही पाच मिनिटं धरायची नाहीत. पुन्हा पहिल्यापासून बसायचं. मोबाइल हातात घेऊन बसणंही चालत नाही, कारण नातेवाइकांच्या ग्रुपवरचा एक मेसेज पुरतो. टीव्हीवरच्या बातम्या तशाच. काहीजण मुद्दाम दीर्घ श्वसन करत बसतात. संथ, खोल श्वासांनी बीपी तेवढ्यापुरतं उतरतं, म्हणजे तो आकडाही खरा नाही. प्राणायाम जरूर करावा, पण मोजून झाल्यावर. या पाच मिनिटांत श्वास नेहमीसारखाच चालू द्यायचा.

मला उपयोगी पडलं ते एकच: ही बैठक आधीच पक्क्या असलेल्या कामांच्या मध्ये घालणं. उठणं, शौचाला जाऊन येणं, मग खुर्ची, मग बीपी, मग गोळी, मग चहा. चहा नंतर असल्यामुळे बैठक टळत नाही. मशीन रात्रीच टेबलावर काढून ठेवायचं, शेजारी वही आणि पेन. वेळ भिंतीवरच्या घड्याळात बघायची, मोबाइलमध्ये नाही. घरच्यांना एकदा स्पष्ट सांगून टाकायचं, की मी या खुर्चीत असताना मला काही विचारू नका.

सवय पंधरा दिवसांत लागते असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांवर केलेला अभ्यास 2010 मध्ये छापला गेला. रोज ठरलेल्या एका खुणेनंतर एक छोटी कृती करायची, असं त्यात होतं. ती अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले. कुणाचा हिशेब 18 दिवसांचा, तर कुणाचा थेट 254चा निघाला. एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. या माहितीने मला खूप धीर आला.

बाकीचं पटकन सांगते. खुर्ची पाठीची हवी, पाऊल पूर्ण जमिनीला टेकलेलं हवं. उंची कमी असेल तर पायाखाली पाट घ्या. जमिनीवर मांडी घालून मोजू नका. हात टेबलावर ठेवा, टेबल खाली पडत असेल तर कोपराखाली उशी. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या घडीपासून दोन-तीन सेंटिमीटर वर. खाली एक-दोन बोटं सरकतील इतपत घट्ट. बाही वर सरकवून दंडाला आवळत असेल तर ती काढाच. दंडाचा घेर टेपने मोजून बघा: मशीनबरोबरचा पट्टा बहुतेक वेळा 22 ते 32 सेंटिमीटरसाठी असतो. दंड त्याहून जाड असेल तर मोठा पट्टा वेगळा घ्यावा लागतो, नाहीतर आकडा कायम जास्त येणार. मनगटावरचं मशीन मी कुणालाच सुचवणार नाही, हाताची पातळी जरा चुकली की ते भरकटतं.

एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं आणि दोन्ही आकडे लिहायचे. पहिला बहुधा जास्त असतो, म्हणून तो खोडू नका. संध्याकाळी जेवणाआधी पुन्हा तसंच. चहा, तंबाखू, व्यायाम यांच्यानंतर अर्धा तास जाऊ द्या. आणि हो, अगदी सुरुवातीला दोन्ही दंडांवर मोजा. ज्यावर आकडा जास्त येतो तोच हात पुढे कायम ठेवा.

डॉक्टरांकडे जाण्याआधी असं सात दिवस करायचं. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढायची. घरची सरासरी 135/85 किंवा त्याहून जास्त असेल तर ते वाढलेलं समजतात. दवाखान्यातली रेघ 140/90 आहे. डोकं जड वाटलं म्हणून दिवसात दहादा मोजत बसू नका, त्या काळजीनेच आकडा चढतो. मात्र 180/120च्या वर गेलं तर पाच मिनिटं थांबून परत मोजा. छातीत दुखणं, धाप, एका बाजूची ताकद जाणं, बोलणं अडखळणं, अचानक कमी दिसणं यांपैकी काहीही सोबत असेल तर परत मोजण्यातही वेळ घालवू नका, 108ला फोन करा.

वहीबरोबर मशीनही डॉक्टरांकडे न्या आणि त्यांच्या मशीनशी ताडून घ्या. आकडे चांगले आले म्हणून गोळी आपल्या मनाने कमी करायची नाही. वही त्यांच्यापुढे ठेवायची आणि त्यांनाच ठरवू द्यायचं.