जळगावचं ऊन आणि हवाई दलातून आलेला वैमानिक

आज दुपारी जळगावात पारा ४४ ला टेकला. विमानतळावर उभं असताना एकच विचार डोक्यात होता, हवाई दल सोडून प्रवासी विमानाकडे आलेल्या वैमानिकाला नव्याने काय काय शिकावं लागतं!

एटीपीएलसाठी (कॅप्टनला लागणारा वैमानिक परवाना) किमान १५०० तासांचं उड्डाण, डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतुकीची सरकारी नियामक संस्था) परीक्षा, क्लास वन मेडिकल म्हणजे वैमानिकांची वैद्यकीय तपासणी, मग जे विमान उडवायचं त्याचं टाइप रेटिंग, म्हणजे त्याच प्रकारच्या विमानाची मान्यता. हे होऊन जातं. सवय मोडणं खरं अवघड. लढाऊ विमानात बहुतेकदा एकटाच. इथे एक उडवतो, दुसरा वेग-उंची बघून मोठ्याने सांगतो. ज्युनिअरनेही कॅप्टनला टोकायलाच हवं. हुद्द्याच्या शिस्तीत वाढलेल्याला हे जड जातं. उतरताना साधारण ३ अंशांचा उतार, म्हणजे नॉटिकल मैलाला सुमारे ३०० फूट. स्वच्छ हवेतही ५०० फुटांवर वेग आणि उतरण्याचा दर स्थिर नसेल तर गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जायचं. त्यात कमीपणा नाही भाऊ, तेच शहाणपण.

आणि आपलं खान्देशी ऊन! तापलेली हवा विरळ होते. पंखांना उचल कमी, इंजिनाची ताकद कमी, म्हणून धावपट्टीवरची धाव लांबते. मग वजन उतरवावं लागतं, कधी एखादी बॅग मागे राहते. काउंटरवरच्या पोरांवर चिडू नका, ते गणित उड्डाणाआधीच मांडलेलं असतं.